द्वारकाचे वीस गुंठे

नवशेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात माझा हजेरी क्रमांक अकरा होता आणि द्वारकाचा बारा. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या माणसावर स्वतःचं नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणायची वेळ आली की कसं वाटतं, ते मला विचारा. पण मी निवृत्त झालो, वडिलांची दीड एकर पडून होती आणि सून एकदा हसत हसत म्हणाली, "नाना, दिवसभर आमच्या चुका काढण्यापेक्षा शेतीत काहीतरी करा की." मला राग आला. त्या रागातच मी बारामतीला जाऊन एका संस्थेच्या वर्गात नाव घातलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सहा महिने.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीवर. पण बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं बारामतीला. सकाळची एसटी पकडायची, वर्गात बसायचं, संध्याकाळी परत यायचं. पहिल्याच दिवशी एसटीत पुढच्या सीटवर द्वारका दिसली. हातात कापडी पिशवी, त्यात भाकरी आणि नवी कोरी वही.

"तू कुठं गं?" मी विचारलं.

"तुमच्याच वर्गात गुरुजी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. "आता माझ्या वहीत बघून लिहू नका म्हंजे झालं."

ही द्वारका चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. तिचा थोरला भाऊ रामहरीसुद्धा माझाच विद्यार्थी. चौथीनंतर बापानं तिला शाळेतून काढलं आणि मी हजेरीपटावरून तिचं नाव कमी केलं, त्या काळी सगळ्याच मुलींचं करायचो तसं. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, तेविसाव्या वर्षी ती परत आली, कारण नवऱ्यानं दुसरी केली होती. तेव्हापासून ती भावाच्या घरी. भावाच्या रानात राबायची आणि तिथलं काम संपलं की दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. आता चव्वेचाळीस वर्षांची होती.

वर्गात आम्ही सव्वीस जण. एमआयडीसीतली नोकरी सुटलेले काही, पुण्याहून परत आलेले दोघे-तिघे, चार-पाच बायका आणि माझ्यासारखे पेन्शनवाले. शिकवायला स्वरूपा मॅडम होत्या. वय अठ्ठावीस-एकोणतीस, कृषी पदवीधर, आवाज खणखणीत. त्यांनी प्रत्येकाला नाव आणि शेतीचा अनुभव विचारला. मी उगाचच "लहानपणापासून पाहतोय" असं मोघम सांगितलं. द्वारका उभी राहिली आणि म्हणाली, "अनुभव काय न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "अहो, तुम्ही रानात काम करता ना? फॉर्मवर लिहिलंय तसं."

"करते की. वीस वरसं खुरपतीया, लावणी करतीया, काढणी करतीया. पण काय लावायचं, कवा लावायचं, पाणी कवा द्यायचं, हे मला आजवर कुणी इचारलं न्हाय. म्हंजे शेती न्हायच केली की मी."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाल्या, आपला वर्ग याच्यासाठी आहे. मला मनातून जरा झोंबलं. छत्तीस वर्षं फळा माझा होता आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याचं वाक्य मी कधी त्यावर लिहिलं नव्हतं.

वर्गाची एक अट होती. प्रत्येकानं निदान वीस गुंठ्यांत स्वतःच्या निर्णयानं एक पीक घ्यायचं. इथंच द्वारकाची खरी अडचण होती आणि ती सांगायची तर रामहरीचं सांगायला हवं.

रामहरी वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याच्यावर डोळे वटाराल. बहीण परत आली त्या दिवशी त्यानं तिला एक शब्द विचारला नव्हता. घरातली मधली खोली तिला दिली आणि विषय संपवला. त्यांचे वडील वारल्यावर तलाठ्यानं सातबाऱ्यावर दोघांची नावं लावली, कायद्यानं लागतात तशी. आमच्याकडे यापुढची रीत ठरलेली आहे. वर्ष-दोन वर्षांत बहिणींनी कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची. भाऊ साडीचोळी करतो, जेवण घालतो आणि माहेरचं दार बहिणीला उघडं राहतं. जी सही करत नाही तिला भाऊबीजेचं बोलावणं हळूहळू बंद होतं. आमच्या चारीवरच्या सगळ्या बहिणींनी सह्या केल्यात. माझ्या दोन्ही बहिणींनी केल्यात. त्या वेळी मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

द्वारकानं मात्र सही लांबवली. रामहरीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, अडीच एकरातलं मला निम्मं नको. वरच्या अंगाचं वीस गुंठं दे. माझ्या नावावर ऱ्हाऊ दे. बाकीचं मी सोडते."

रामहरीला यात हट्टापेक्षा खुळेपणा जास्त दिसला. बाईमाणूस एकटीनं रान कसं करणार, चार दिवसांत वैतागेल, आणि मग दुसऱ्याला खंडानं देईल, ही त्याची भीती. शेवटी त्यानं तोड काढली, तीही माझ्या ओसरीवर बसून, मला मध्ये घालून. एक पीक घेऊन दाखव. साधलं तर वीस गुंठे तुझे, तुझ्याच नावावर राहतील. नाही साधलं तर सगळ्याची सही.

"गुरुजी साक्षीला हायत," तो म्हणाला.

"व्हय, हायत," द्वारका म्हणाली. दोघं भाऊबहीण माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. मान हलवायला माझं काय जात होतं?

मॅडमनी तिला कलिंगड सुचवलं. सत्तर-पंचाहत्तर दिवसांचं पीक, उन्हाळ्यात मागणी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लागवड झाली. गादीवाफे ओढले, ठिबकच्या नळ्या टाकल्या, त्यावर मल्चिंगचा कागद अंथरला. कागदाला भोकं पाडायला तिनं घरातला पत्र्याचा डबा तापवून वापरला. मॅडम बघायला आल्या तर म्हणाल्या, बाई, एवढी सारख्या अंतरावरची भोकं आमच्या फार्मवरसुद्धा नाहीत.

रोपं लागली, वेल पसरले. द्वारका पहाटे उठून वेलांतून फिरायची. वहीत रोज दोन ओळी लिहायची. चौथीपर्यंतचं अक्षर, काना-मात्रा कुठंही पडलेल्या, पण एक दिवस चुकला नाही. फुलं आली तेव्हा शेजारच्या बागायतदाराकडे स्वतः जाऊन, हात जोडून, सकाळच्या वेळी औषध मारू नका, मधमाश्या मरतात, असं सांगून आली. तो माणूस माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वर्गानं बाई बिघडवली." बोलताना हसत होता, पण त्यानं फवारणी संध्याकाळी केली.

तिच्यात होत गेलेला बदल मला दर फेरीला एसटीत दिसायचा. पूर्वी ती खिडकीतून बाहेर बघायची नाही. आता वाटेत कुणाचं तरी रान दिसलं की मान वळवायची, "हे बघा, पाणी जास्त झालंय. पिवळं पडायलंय," असं काहीतरी बोलायची. बरोबर असायचं. लेखी परीक्षेत मात्र मी पन्नासपैकी सेहेचाळीस मिळवून पहिला आलो. तिला एकोणतीस. मी दोन दिवस छाती पुढं काढून हिंडलो.

त्या पेपरात एक प्रश्न होता. कलिंगडाचं पाणी काढणीआधी का तोडावं? मी उत्तर लिहिलं होतं: शेवटचे सात-आठ दिवस पाणी कमी करत न्यावं, म्हणजे फळात गोडी भरते. दुपारी पानं मान टाकतात, पण घाबरू नये, संध्याकाळी ती पुन्हा उभी राहतात. या काळात एकदम पाणी दिल्यास फळ आतून फुगतं आणि साल तडकते. पाचपैकी पाच. मॅडमनी शेजारी छान असं लिहिलं होतं.

एप्रिलमध्ये फळं तयार झाली. तीन-साडेतीन किलोची, गडद पट्ट्यांची, एकसारखी. व्यापारी येऊन टिचकी मारून गेला, एक फळ कापलं, खाल्लं आणि म्हणाला, बाई, चार दिवसांनी तोडायला माणसं पाठवतो. द्वारकानं पाणी आधीच कमी करत आणलं होतं. आता ते पूर्ण बंद केलं. त्या संध्याकाळी रामहरीसुद्धा बांधावर उभा राहून बघत होता. मला म्हणाला, "गुरुजी, साधलं म्हणायचं का हिनं?" त्याच्या आवाजात कौतुक होतं, हे मी शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वर्गाची शिवारफेरी पणदऱ्याला होती. एका बागेत सगळ्यांनी जायचं आणि ज्यांची पिकं साधली त्यांनी तिथं चार शब्द बोलायचे. मॅडमनी बोलायला द्वारकाला निवडलं होतं. ती आठ दिवस घाबरली होती आणि आठ दिवस खूशही होती. माझा गुडघा सुजला होता म्हणून मी जाणार नव्हतो. सकाळी एसटीच्या आधी ती माझ्या दारात आली.

"गुरुजी, आज चारीला पाणी सुटायचंय. दादाची पाळी दुपारी हाय. त्याला मी सांगितलंय, माझ्या रानाला थेंब नको म्हणून. पण पाळी आली की त्याचा हात राहत न्हाय. तुमी तितं झाडाखाली बसा नुसतं. तुमी असला म्हंजे झालं."

"जा तू," मी म्हणालो. "मी आहे."

कालव्याच्या पाण्याचं इथल्या माणसाच्या मनात काय असतं ते बाहेरच्याला कळणार नाही. उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्यानं चारीला पाणी सुटतं. प्रत्येकाची पाळी ठरलेली, तासावर. आपल्या पाळीचं पाणी आपल्या रानाला न देता पुढं जाऊ देणं म्हणजे वाढलेलं ताट लाथाडणं. पिकाला गरज असो वा नसो, पाणी घ्यायचं. रान चिबडलं, मीठ फुटलं, तरी घ्यायचं. माझे वडील तापानं फणफणलेले असताना फावडं घेऊन पाण्याची दारं धरायला गेलेले मी पाहिलेत. ही सवय पुस्तकात नाही, ती रक्तात आहे, आणि सेहेचाळीस मार्कांनी ती जात नाही.

दुपारी दीडला मी लिंबाखाली बसलो होतो. ऊन असं की नजर ठरत नव्हती. द्वारकाच्या वेलांनी माना टाकल्या होत्या. सबंध वीस गुंठे, सगळी पानं खाली, हाताची बोटं सोडून द्यावीत तशी. कागदावर उघडी पडलेली फळं उन्हात तळपत होती. चारीतून पाणी खळाळत आलं आणि रामहरीनं ते आधी आपल्या उसाकडे वळवलं. मग फावडं खांद्यावर टाकून माझ्याकडे आला. बराच वेळ तो वेलांकडे बघत राहिला.

"गुरुजी," तो म्हणाला, "बघवत न्हाय. पोरीचं रान जळायलंय."

"मॅडमनी पाणी तोडायला सांगितलंय," मी म्हणालो.

"त्या काय, सांगून गाडीत बसून गेल्या. तिनं तीन महिनं हाडाची काडं केली वो. माझ्या पाळीचा एक तास ऱ्हायलाय. ऊस न्हाय भिजला तर न्हाय भिजला, त्याचं मी बघतो. तो तास हिला देतो. सोडू का?"

एप्रिलच्या पाळीतला एक तास भाऊ बहिणीला देत होता. स्वतःच्या उसाच्या तोंडचा काढून देत होता. आमच्याकडे याहून मोठी भाऊबीज नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझं उत्तर पाठ होतं, शब्दन्‌शब्द. आणि तरी मी त्या मान टाकलेल्या पानांकडे बघितलं आणि माझाही जीव कासावीस झाला. वाटलं, मॅडमचं वय ते काय. वाटलं, एवढ्या उन्हात एखादा घोट दिला तर काय बिघडणार आहे.

"सोड," मी म्हणालो. "थोडंच सोड."

पाट फोडल्यावर थोडं असं काही नसतं. तासाभरात गाद्यांमधल्या सगळ्या सऱ्या तुडुंब भरल्या. पानं हळूहळू उभी राहू लागली. रामहरीचा चेहरा उजळला. मीही खूश झालो, खोटं कशाला सांगू. घरी जाऊन ताक प्यायलो आणि झोपलो.

सकाळी कौसल्या, रामहरीची बायको, धावत आली. "गुरुजी, चला. वन्सं काय बोलनात. नुसत्या रानात उभ्या हायत."

मी गेलो. निम्म्याहून जास्त फळं तडकली होती. काहींना केसाएवढी चीर, काही पार दुभंगलेली, लाल गर बाहेर आलेला, त्यावर माश्या. मी उभा असतानासुद्धा एक फळ टचकन उललं. सऱ्यांतला चिखल अजून ओला होता. द्वारकानं आदल्या संध्याकाळी परत आल्यावर खालचा बांध फोडून पाणी काढून द्यायचा प्रयत्न केला होता. फावडं तिथंच पडलेलं होतं.

रामहरी डोकं धरून बांधावर बसला होता. मला बघून म्हणाला, "बघा गुरुजी. आठ दिस पाणी तोडत नेलं. तहानेनं उललं सगळं. मी पाणी दिलं म्हणून एवढी तरी टिकली, न्हायतर एक ऱ्हायलं नसतं. आदल्या दिशीच द्याया पाहिजे हुतं."

तो मनापासून बोलत होता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

द्वारका वळली. रडली नव्हती. शांतपणे म्हणाली, "गुरुजी, मॅडमनं शिकवलं तवा तुमी माझ्या शेजारी बसला हुता. तुमी दादाला सांगा. का फुटली?"

आम्ही चौघंच होतो तिथं. एक वाक्य बोलायचं होतं. पाण्यानं फुटली, रामहरी, आणि सोड म्हणून मी सांगितलं. एवढंच. रामहरी माझा शब्द खाली पडू देत नाही, आमच्या गावात कुणीच देत नाही. तो चिडला असता, रडला असता, पण त्यानं मानलं असतं. दोष पिकाचा नाही, बहिणीचा नाही, हे त्याला पटलं असतं, आणि ते वीस गुंठे तिचे झाले असते.

मी म्हणालो, "ऊन फार आहे यंदा. उन्हानंही होतं तसं."

द्वारकानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ती खाली बसली आणि न फुटलेली फळं एका बाजूला करू लागली. कौसल्या तिच्या मदतीला बसली. मी गुडघा दुखतोय असं सांगून घरी आलो. गुडघा दुखत होता हे खरंच होतं, पण त्या दिवशी मी त्याचा आडोसा घेतला.

सोमवारी मॅडम आल्या. त्यांनी चिखल बघितला, एक फळ उचललं आणि तिथल्या तिथं सांगितलं, पाटाचं पाणी दिलंय, त्यानं तडकली. रामहरी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमी शिकलेल्या हायसा, मी न्हाय म्हणत न्हाय. पण आमच्या गुरुजींनी सांगितलंय, उन्हानं झालं म्हणून. गुरुजी तुमच्या परीक्षेत पहिले आलेत." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा रामहरीला समजवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिलं. त्यांना अजून पंचवीस रानं बघायची होती.

माझ्या हातून आयुष्यात चुका झाल्या नाहीत असं नाही. पोरांना विनाकारण मारलंय, एखाद्याला उगाच नापास केलंय. पण हे वेगळं होतं. इथं मला उत्तर येत होतं. पाचपैकी पाच मिळालेलं उत्तर, आणि ज्या दिवशी एका माणसाला त्याची गरज होती त्या दिवशी मी ते गिळलं, का तर शिकवणारा गुरुजी चुकला असं कुणी म्हणू नये म्हणून.

पुढच्या वर्गांना द्वारका आली नाही. मी एसटीत एकटा बसायचो. दोनदा तिच्या घरावरून गेलो, दोनदा ती रानात होती. रामहरीनं तिला घाई केली नाही. तीच त्याला म्हणाली म्हणे, ठरलं होतं ते करून टाकू. मे महिन्याच्या मध्यात तो माझ्याकडे आला. "गुरुजी, सोमवारी इंदापूरला जायचंय. दोन साक्षीदार लागत्यात. एक चुलतभाऊ हाय. दुसरे तुमी चला. तोड झाली तवा तुमीच हुता."

नाही म्हणायला तोंड नव्हतं.

कचेरीच्या बाहेर बाकड्यावर आमचा नंबर यायची वाट बघत बसलो. द्वारकानं इस्त्रीची साडी नेसली होती. रामहरी आधारकार्डांच्या झेरॉक्स काढायला चुलतभावाला घेऊन गेला. आम्ही दोघंच उरलो. मी महिनाभर मनात घोळवलेलं एका दमात बोलून टाकलं.

"द्वारका, पाणी मीच सोडायला सांगितलं. रामहरीनं विचारलं, मी सोड म्हणालो. फळं त्यानंच फुटली. मी आत्ता रामहरीला सांगतो, तो आला की सांगतो. सही करू नकोस."

तिनं मांडीवरची पिशवी नीट दुमडली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्याच दिशी संध्याकाळी दादानं सांगितलं. गुरुजींना इचारून सोडलं, म्हणला. लई खुशीत हुता."

"मग सकाळी तू मला विचारलंस ते..."

"तुमी सांगाल म्हणून इचारलं."

मी उठायला लागलो. "आता सांगतो. येऊ दे त्याला."

"बसा गुरुजी." तिनं माझ्या बाहीला हात लावला. चौथीतल्या पोरीनं कधी लावला नसता. "तितं रानात आपुन घरची चार माणसं हुतो. तवा बोलला असता तर दादानं ऐकलं असतं. कायतरी बोलला असता, पर ऐकलं असतं. हितं समदी लोकं, त्याचा चुलतभाऊ, कारकून. ह्यांच्या म्होरं त्याला सांगायचं का, तुझ्या हातानं बहिणीचं रान गेलं म्हणून? त्यानं त्याच्या उसाचं पाणी दिलं हुतं मला. संध्याकाळी मला त्याच्याच घरी जायचंय."

"मग घरी गेल्यावर सांगतो. आज नको सही."

"घरी जाऊन तुमी सांगणार न्हाय गुरुजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वेळापत्रक सांगावं तसं म्हणाली. "आन सांगितलं तरी आता त्याला वाटंल, मीच तुमाला पढवलं."

रामहरी झेरॉक्स आणि चार कप चहा घेऊन आला. पहिला कप त्यानं बहिणीला दिला. "घे, घसा सुकला असंल," म्हणाला. तिनं घेतला, फुंकून प्यायली. मी कप हातात धरून बसलो. चहा निवला तसा ओतून दिला.

आमचा नंबर आला. आत साहेबानं दस्त वाचल्यासारखा केला. राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, बंधुप्रेमापोटी, असे शब्द त्यात छापलेलेच होते. त्यानं द्वारकाला विचारलं, "बाई, मान्य आहे ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

"न्हाय," ती म्हणाली, आणि सही केली. काना मात्रा सगळं जागच्या जागी.

मग साहेबानं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही साक्षीदार? या बाईंना ओळखता का?"

रामहरी माझ्याकडे बघत होता, विश्वासानं, तिसरीत असताना बघायचा तसा. द्वारका बघत नव्हती. ती वहीसारखी दुमडलेली पिशवी हातात घेऊन दाराकडे बघत उभी होती.

"हो," मी म्हणालो. "लहानपणापासून ओळखतो."

"अंगठा ठेवा," साहेब म्हणाला. मशीनचा काचेचा तुकडा लाल उजळला. पहिल्यांदा उमटला नाही. "नीट दाबा," तो म्हणाला, आणि मी नीट दाबला.